गल्लीच्या टोकाचं दार

१

दुपारी बारा वाजले, की शिकवणीच्या पोरी पाठीवर दप्तरांची ओझी टाकून बाहेर पडत आणि महानंदाच्या घरात शांतता उतरे. लातूरच्या त्या गल्लीत घरटी पाच-सहा पोरी राहायला होत्या. सगळ्या डॉक्टर होणार होत्या. महानंदाला त्याचं कौतुक नव्हतं आणि हेवाही नव्हता. "भाकरी गरम हाय तवर खा, मग काय व्हायचं ते व्हा," एवढाच तिचा उपदेश.

भांडी विसळून झाली की ती खोलीतल्या लोखंडी टेबलावर जुनं लुगडं अंथरी आणि त्यावर बोरगव्हाण मांडी.

बोरगव्हाण म्हणजे तिचं सासर. किल्लारीपासून दोन कोसांवर, तेरणा नदीच्या अलीकडे. वीस वर्षांमागं भूकंपात ते गाव बसलं. बसलं म्हणजे खरोखरच बसलं, म्हाताऱ्या बैलानं पाय दुमडावेत तसं. आता तिथं वेड्या बाभळी आहेत. नवं गाव मैलभर लांब, आखीव ओळींचं, घरांना आकडे असलेलं. त्या नव्या गावातल्या सिद्धराम गुरुजींनी यंदा मनावर घेतलं होतं, की वीस वर्षं भरतील त्या दिवशी समाजमंदिरात जुन्या गावाचे फोटो लावायचे.

पण फोटो आणायचे कुठून? गावातले फोटो गावाबरोबर गेले. वाचले ते फक्त आधीच परगावी गेलेले. कुणाच्या लेकीनं सासरी नेलेले, कुणा फौजीच्या ट्रंकेत राहिलेले, कुणी पुण्याच्या मामाला पाठवलेले. गुरुजींनी ते एकेक करून मागवले आणि पाकिटात घालून लातूरला महानंदाकडे पाठवले. कारण फोटोतली माणसं ओळखायची कुणी? नव्या पोरांना ती सगळी सारखीच दिसायची, पटका बांधलेली आणि मेलेली.

महानंदा ओळखे. भिंग घेऊन एकेक तोंड बघे आणि फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं नाव लिही. शाळेत ती एक दिवसही गेली नव्हती. सिंधु पहिलीत गेली, तेव्हा लेकीच्या पाटीशेजारी बसून तिनं अक्षरं चोरली होती, आणि चोरीच्या मालाचा तिला कुणाही पदवीवाल्यापेक्षा जास्त अभिमान होता. "ही कोण, तर बाळंतपणं करणारी शेवंता. ह्यो तिचा दीर. ह्याच्या हातात कंदील हाय त्यो आमचा." माळवदावर वाळणाऱ्या कुरडया ओळखून ती घर सांगे. हुरड्याच्या आगटीभोवतालच्या माणसांत पाठमोरा कोण, तेही सांगे. फोटो बघता बघता तिला शेणानं सारवलेल्या अंगणाचा वास येई. ती हसे, एकटीच शिव्या देई, कधी पदर डोळ्याला लावी.

एकच तोंड तिला कुठं सापडत नव्हतं. सिंधुचं.

अकरा वर्षांची पोर. तिचा एकही फोटो नव्हता. आणि अलीकडं महानंदाला ते तोंड आठवेनासं झालं होतं. नाक आठवे, कपाळावरचा देवीच्या लशीएवढा व्रण आठवे, हसताना आत जाणारा गाल आठवे. पण सगळं मिळून चेहरा होईना. फोडणीचं सगळं सामान डब्यात असावं आणि भाजी काही आठवू नये, तसं. महिन्याभरात नाकही जाईल, अशी भीती तिला रोज अंथरुणावर वाटे. म्हणून तर तिनं हे काम घेतलं होतं. कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी मागं, पोर असेलच की उभी.

कुणी विचारलं, की पोर कशी गेली, तर महानंदाचं उत्तर ठरलेलं होतं. "शेतावर गाय अडली होती, मी तिकडं गेले. पोर झोपली होती. दार नुसतं लोटून घेतलं होतं." वीस वर्षं तेच शब्द, त्याच क्रमानं.

२

पहिला फोटो पोळ्याचा. साल एकोणऐंशी, मागं तसं लिहिलेलंच होतं. रंगवलेल्या शिंगांचे बैल गल्लीतून चाललेले, पुढं हलगीवाला, दोन्ही बाजूंना बाया. अगदी टोकाला महानंदाचं घर. तिनं भिंग लावलं आणि थांबली.

दार बंद होतं. दोन्ही फळ्या मिटलेल्या, आणि वरची लोखंडी साखळीची कडी बाहेरून कोयंड्यात अडकवलेली.

"काहीतरीच," ती म्हणाली.

बोरगव्हाणात दिवसा दाराला कडी लागायची ती वर्षातून एकदाच, येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला. त्या दिवशी अख्खं गाव आंबिलीचे माठ घेऊन शेतात जाई आणि मागं कुत्रंही राहत नसे. पण हा तर पोळा. गल्ली माणसांनी फुललेली. पोळ्याला बैलांना ओवाळायला तिची सासू दारात ताट घेऊन उभी नसेल, असं झालंच नव्हतं.

संध्याकाळी भार्गवी परतली. नांदेडकडच्या लोहा गावची पोर, बोलायला धीट, महानंदाची त्यातल्या त्यात लाडकी.

"इकडं ये गं. तुझे डोळे तरणे हायेत. ह्या दारावर काय दिसतंय?"

"कडी आहे आजी. लावलेली."

"बाहेरून?"

"बाहेरूनच दिसणार ना. फोटो बाहेरून काढलाय."

"लई शहाणी. डॉक्टर हो बाई, वकील होऊ नको."

भार्गवी हसत गेली. महानंदानं स्वतःला समजावलं, सासू बैलांबरोबर मारुतीला गेली असेल. पोरंसोरं आत शिरून गूळ पळवतात, म्हणून लावली असेल कडी. तिनं पाठीवर नावं लिहिली आणि फोटो बाजूला ठेवला.

३

दुसरा फोटो एका वरातीचा. तिसरा कुणा पुढाऱ्याच्या स्वागताचा. चौथ्यात गल्लीत नुसता एक गारुडी. चार वेगळी वर्षं, वेगळे कॅमेरे, आणि चारी फोटो चार वेगळ्या गावांहून आलेले. चारींत गल्लीच्या टोकाला तेच दार, आणि दाराला तीच कडी.

पाचवा फोटो मात्र महानंदाला पुरता आठवत होता. शहाऐंशी साली गल्लीत हातपंप बसला, त्या दिवशीचा. फोटोत ती स्वतः होती, नवी घागर घेऊन, डोईवरून पदर, उगीचच रागावल्यासारखी. त्या दिवशी सासू उंबऱ्यात पाय पसरून बसली होती आणि बोअरच्या गाडीनं उडवलेल्या धुरळ्याला शिव्या घालत होती. चार वर्षांची सिंधु तिच्या मांडीवर होती. हे महानंदाला घागरीच्या थंडपणासकट आठवत होतं. फोटो काढणाऱ्याला ती म्हणालीसुद्धा होती, "म्हातारीला पण घ्या की."

फोटोत तिच्या खांद्यामागं दार होतं. बंद. उंबऱ्यावर कुणीही नव्हतं.

तिनं फोटो ठेवून दिला. पाणी प्यायली. वय झालं, ती मनाशी म्हणाली. दोन दिवसांची आठवण एकात मिसळली असेल. पण मग पोळ्याचं काय, आणि वरातीचं काय? एक माणूस चुकतं, मान्य. पण आपलं चुकणं चार गावांहून टपालानं कसं येईल?

तिनं सगळे फोटो सालवार लावले. आणि हेच करायला नको होतं.

एकोणऐंशीत कडी सैल होती, झोळीसारखी लोंबती. एक्याऐंशीत थोडी ताणलेली. ते जुनं दार आत उघडणारं. कडी ताणली जायची, ती कुणी आतून दार ओढलं तरच. शहाऐंशीत कडी काठीसारखी सरळ होती आणि दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट होती. शेवटचा फोटो एक्याण्णवचा. त्यात फट दोन बोटांची. आणि त्या फटीत, खूप खाली, दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर, काहीतरी पांढुरकं होतं. महानंदानं भिंग जवळ नेलं. जवळ नेल्यावर ते नुसते ठिपके झाले. लांब धरलं, की पुन्हा बोटं.

तिनं सगळे फोटो पालथे घातले.

खोलीत पंखा फिरत होता. पंख्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, बारीक, लोखंडावर लोखंडाचा. खण्ण. थांबे, आणि पुन्हा खण्ण. शेजारच्या घरात झोपाळा आहे, त्याची साखळी असेल, असं म्हणून ती उठली आणि खिडकीतून बघितलं. शेजारच्या घराला बाहेरून कुलूप होतं. माणसं लग्नाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीतल्या एका बाईला पोरींच्या स्वयंपाकाचं सांगितलं आणि औशाची बस धरली. पंपाचा फोटो कुणी काढला होता, ते तिला ठाऊक होतं.

४

गुलाम रसूलच्या स्टुडिओचं आता झेरॉक्सचं दुकान झालं होतं. ते त्याचा भाचा मुज्तबा चालवे. म्हातारा दारात खुर्ची टाकून बसलेला. दाढी पांढरी, हातावर औषधांचे जुने पिवळे डाग.

"बोरगव्हाणच्या महानंदाबाई? या या. अरे, तुम्ही तर जिंदा हाय!"

"तुमच्या आधी कशी जाईन, रसूलभाई?"

"ते पण बरोबर. भांडखोर माणसं टिकतात."

तिनं पंपाचा फोटो पुढं केला. "हे दार कामून बंद हाय, सांगा."

त्यानं चष्मा वर केला. "मला काय मालूम? मी माणसं बघतो बाई, दारं न्हाई."

"माझी सासू बसली होती तिथं. मी म्हणाले होते, म्हातारीला पण घ्या. तुम्ही काय म्हणाला होता?"

रसूलभाई फोटोकडं बघत राहिला. "मी म्हणालो होतो," तो हळूच बोलला, "म्हातारी तर घेतलीच, तिच्या शिव्या न्हाई येणार फोटोत." मग त्यानं फोटो उलटा केला, सुलटा केला. "ही काय चीज हाय?"

महानंदाला एकदम बरं वाटलं आणि त्याच क्षणी त्याहून जास्त भीती वाटली. म्हणजे आपली आठवण चुकलेली नव्हती.

रसूलभाई उठून आत गेला. पत्र्याच्या पेटीत पाकिटं होती, गावांच्या नावांची. "तुमच्या गावाची येवढीच हायेत. सगळ्यात शेवटी आलो होतो ब्याण्णवला, शाळेचे फोटो काढायला. ते मास्तरच येऊन घेऊन गेले. पण एक ऱ्हायला." तो थांबला. "एक पोरगी लई मागं लागली होती. 'चाचा, माझा एकटीचा काढा, आमच्या दारात.' रोलमधी एक शिल्लक होता, काढला. पुढच्या खेपेला छापून आणतो म्हणालो. मग यायचं कुठं? गावच ऱ्हायलं न्हाई."

"नाव?"

"पाकिटावर हाय."

पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, सिंधु व्यंकटी, पुढं बापाचं नाव लावून. अक्षर पोरीचंच होतं. 'ध'चं पोट फुगलेलं, जसं पाटीवर असायचं. महानंदानं त्यावर बोट ठेवलं.

रसूलभाईनं निगेटिव्ह काढून ट्यूबलाइटसमोर धरली. त्याचा चेहरा उतरला. शर्टाच्या टोकानं त्यानं ती पुसली आणि पुन्हा धरली.

"मी काढला तेव्हा दार सताड उघडं होतं. पोरगी उंबऱ्यावर उभी. दोन वेण्या, एक सुटलेली. कसम खुदाकी."

"आता?"

त्यानं ती तिच्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. पांढऱ्या फळ्या, आणि त्यावर आडवी, धाग्याएवढी कडी.

"छापा," महानंदा म्हणाली.

"कागद दोनच हायेत बाई. ते पण माझ्यासारखे म्हातारे."

"छापा म्हणते ना."

५

मुज्तबा निलंग्याला गेला होता. रसूलभाईनं दुकानाचं शटर खाली ओढलं, ट्यूबलाइट तशीच चालू ठेवली, तिला मागच्या काळोख्या खोलीत नेलं, दाराचा अडसर आतून सरकवला आणि वर काळा पडदा सोडला. बाहेर दुपार रणरणत होती. आत फक्त लाल दिवा आणि आंबूस वास. त्यानं दोन तसराळी मांडली. "ह्याच्यात चित्र उगवतं. मग ह्या दुसऱ्यात टाकायचं, म्हणजे पक्कं होतं. तवर उजेडाचा एक कण न्हाई चालत. लागला, की सगळं काळं."

पहिला कागद पाण्यासारख्या औषधात बुडाला. कोरा. तो तसराळं हलवत राहिला.

आधी काळं उगवतं. भांग उगवला. एक वेणी. मग दोन डोळे, खोल, थेट बघणारे. महानंदाच्या घशातून आवाज निघाला. नाक येऊ लागलं, ते नाक, आणि तेवढ्यात चेहऱ्यावरूनच उभ्या रेघा वर आल्या. लाकडाच्या रेघा. फळ्या. डोळ्यांवर फळ्या चढल्या, आणि शेवटी मधोमध कडी काळी होत गेली, जणू कुणी आत्ताच घातली.

"तोबा," रसूलभाई पुटपुटला. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? त्या रातीला दार बंद होतं का?"

"पोर झोपली होती," महानंदा म्हणाली. "दार नुसतं लोटून..."

तसराळ्यातला कागद तिच्या डोळ्यांदेखत गडद झाला. कडीसकट, भिंतीसकट, सगळा काळा.

मग ती बोलली, पण त्याच्याशी नव्हे.

"वर्षभर भुई गुरगुरत होती. आधीचा हिवाळा आम्ही सगळ्यांनी अंगणात काढला. मग कंटाळलो. काही होत तर न्हाई. सवय झाली त्या आवाजाची, जसं बाजूला कुणी घोरतंय. सगळी माणसं आत झोपाय लागली. एक सिंधु तेवढी ऐकेना. 'आई, भुई बोलायलीय' म्हणायची. लोक हसायचे. मला लाज वाटायची, माझ्या पोटची पोर अशी भित्री कशी. त्या रातीला गणपती बुडवून सगळे दमून पडले. घरात आम्ही दोघीच. गाय अडली होती, मी शेतावर निघाले. पोर मागं आली. परत पाठवली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा दंडाला धरून नेली, आत घातली आणि कडी लावली. बाहेरून. ती दार ओढत होती. कडी वाजत होती. मी म्हणाले, सकाळी उघडते. मारुतीपर्यंत ऐकू येत होतं."

रसूलभाईनं काळा कागद तसराळ्यातून काढून बाजूला टाकला.

"फौजेच्या पोरांनी ढिगारा उपसला. ती दाराशीच होती. कडी तशीच. कुणी बघायच्या आत मीच काढली ती."

रसूलभाईनं दुसरा कागद घेतला. शेवटचा. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली धरला, सेकंद मोजले आणि औषधात सोडला.

भांग आला. वेणी आली, मग दुसरी, सुटलेली. डोळे आले. महानंदा श्वास रोखून रेघांची वाट बघत होती. रेघा आल्या नाहीत. कपाळ आलं, त्यावरचा व्रण आला. नाक. एका बाजूचा गाल. मागं उघडं दार, आतला अंधार, कोनाड्यातली रॉकेलची चिमणी. वीस वर्षं हातातून निसटणारं सगळं आपापल्या जागी येऊन बसत होतं. हा चेहरा होता. हाच. फक्त तोंड अजून यायचं होतं.

खण्ण.

आवाज काळोख्या खोलीच्या दाराचा होता. पलीकडून कुणीतरी दार ओढत होतं. ठोठावत नव्हतं. ओढत होतं. अडसर त्याच्या कडीत वाजत होता, आणि धक्के दाराच्या खालच्या अर्ध्याला बसत होते.

"मुज्तबा?" रसूलभाईनं हाक दिली. त्यानं महानंदाकडं बघितलं. "शटर मी खाली ओढलंय. भाईर कुणीच न्हाई."

खण्ण.

महानंदा उठली.

"बाई, न्हाई. दोन मिनिटं. पक्कं होऊ द्या. कागद संपले. आत्ता उजेड लागला तर हे पण जाईल, मग कधीच न्हाई!"

तिनं तसराळ्यात बघितलं. ओठ उगवू लागले होते. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं, आणि मग हे तोंड तिचं, मरेपर्यंत, भिंतीवर, उशाशी. बाहेरचं माणूस दोन मिनिटं थांबेल की. थांबायला काय होतं?

खण्ण. आणि मग आवाज थांबला, जसं कुणी दमून दाराला टेकलं असावं.

"उघडते गं," महानंदा म्हणाली. "आत्ता उघडते."

तिनं पडदा बाजूला सारला आणि अडसर ओढला. उजेड आत कोसळला. मागं रसूलभाई ओरडला, आणि तिला न बघताही कळलं, की तसराळ्यात कपाळ गेलं, नाक गेलं, गाल गेला. ती वळली नाही. झगझगाटात तिला काहीच दिसत नव्हतं. फक्त माळवदाच्या पांढऱ्या मातीचा वास आला, कोरडा, ओळखीचा. मग तिच्या लोंबत्या हातात, खालून, एक हात शिरला. लहान, थंड, बोटांवर मातीचा खरखरीत थर, आणि त्या बोटांनी तिची दोन बोटं घट्ट धरली, गर्दीत धरतात तशी.

महानंदानं मान खाली केली.